कारभाऱ्याने विचारलेला प्रश्न

आबा, मी तुमचा थोरला मुलगा. नाव तुम्हीच ठेवलेत, ते तुम्हांस कळविण्याचे कारण नाही. वय शहात्तर पूर्ण, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, मूळ गाव कळस, हल्ली राहणार जळोची, मुलाच्या घरी. आपल्या खेळाने कोणाचे मन दुखविले नाही, असे मी आजवर चारचौघांत ताठ मानेने सांगत आलो. ते वाक्य यापुढे मला उच्चारता येणार नाही.

तुमची पणती, म्हणजे माझी नात, बारामतीच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविते. तुम्ही तिला पाहिले नाही. वर्गातील मुले पुस्तकाने हलत नाहीत म्हणून तिने माळ्यावरून आपली पेटी उतरविली. "तात्या, मला या बाहुल्यांतून फॅसिझम समजावून द्यायचाय," असे म्हणाली. तो शब्द मी तिच्याकडून कागदावर लिहवून घेतला, कारण न कळलेला शब्द तोंडात घेणे मला पसंत नाही. ती म्हणाली, "जुलूम आभाळातून पडत नाही, तात्या. आधी माणसं घाबरलेली असतात. मग कुणीतरी येतो आणि सांगतो, तुमच्या दुःखाचं कारण तो पलीकडचा माणूस. ते ऐकून सगळ्यांना हलकं वाटतं. मूळ त्या हलकं वाटण्यात आहे." मी म्हणालो, "येवढंच ना? बसवू की."

खेळ दोघांनी मिळून रचला. एका गावची विहीर आटते. कारभारी येतो आणि सांगतो की परगावाहून मासे विकावयास येणाऱ्या बाईने काठावर पाटी धुतली, म्हणून पाणी गेले. एकेक बाहुली मान डोलविते. शेवटी सोंगाड्या प्रेक्षकांस विचारतो, "तुमास्नी पटलं का वो?" प्रश्न सोंगाड्याच्याच तोंडी हवा, हे मीच तिला बजाविले होते. ते तुमचे शिकविणे. इंदापूरच्या जत्रेतला तो दिवस मला स्वच्छ दिसतो. मी नुकताच दोऱ्या धरू लागलो आहे. राजा माझ्या हाती आहे आणि लोक खूश आहेत, म्हणून मी राजाला पुढे आणून लोकांनाच विचारतो, चोराला काय शिक्षा देऊ? तुम्ही भर खेळात माझ्या हातातील दोऱ्यांची पट्टी काढून घेता. राजा तिथेच कोसळतो. पडद्यामागे तुम्ही एवढेच बोललात, "राजानं लोकास्नी इचारायचं न्हाय. त्यो इचारतो तवा जबाब आधीच ठरल्याला असतो. सोंगाड्यानं इचारावं. त्येला न्हाय म्हणता येतं." माझा अपमान झाला होता. मी नियम पाळला, परंतु त्याचा अर्थ कधी विचारला नाही.

वर्गापुढे दाखविण्याआधी गावात करून पाहू, असे ठरले. कळसच्या आठवडी बाजारात, मारुतीच्या देवळापुढे, दिवस कलताना आम्ही पडदा बांधला. माणसे जमली, पण निम्मी मोबाईलमध्ये. कोणीतरी म्हणाले, "म्हातारं वाळलं आता. बाहुली नाचतीया का थरथरतीया?" बाकीचे हसले. आबा, तो हशा मला सोसला नाही. मी कारभाऱ्याला पडद्याच्या अगदी कडेला आणले, मासेवालीची बाहुली शेजारी उभी केली, त्याची मान लोकांकडे वळविली आणि विचारले, "पाणी कुणी आटवलं?" मग एक आवाज आला, "हिनं." मी पुन्हा विचारले. आता दहा आवाज. "मग हिला ठिवायची का घालवायची?" सारे पटांगण म्हणाले, "घालवा." मोबाईल वर झाले, ते आता माझ्याकडे वळले होते. शेजारून नात कुजबुजली, "तात्या, हे आपल्या खेळात नाहीये. थांबा." मी थांबलो नाही. माझे हात अनेक वर्षांत इतके हलके झाले नव्हते.

पुढच्या रांगेत भिगवणची एक मासेवाली बसली होती. कित्येक वर्षे ती त्या बाजारात येते. त्या दिवशी माल संपवून खेळासाठी थांबली होती. कोणीतरी तिला म्हणाले, "ए मावशी, ऊठ की. कारभाऱ्याचा हुकूम हाय." पुन्हा हशा. मी पडद्याच्या फटीतून पाहत होतो. ती आधी हसली. मग तिने आजूबाजूला पाहिले, पाटी उचलली आणि लोकांतून वाट काढीत निघून गेली. तिला वाट देण्यासाठी माणसे बाजूला सरकली, आणि कारभारी मात्र बोलतच होता.

घरी आल्यावर नात म्हणाली, "वर्षभर जे मला शिकवता आलं नाही, ते तुम्ही आज करून दाखवलंत, तात्या." मी ती शाबासकी समजलो. जेवणही नेहमीपेक्षा जास्त गेले. ती न जेवता का उठली, हे मला सकाळी उमगले.

त्यानंतर ती बाई कळसला आली नाही. मी एसटीने भिगवणला गेलो, तिथल्या मासळी बाजारात तिच्यापुढे उभा राहिलो. पडद्यामागील माणूस तिने पाहिलेला नव्हता. "बसा आबा. चिलापी ताजी हाय," ती म्हणाली. मी विचारले, "कळसच्या बाजाराला येत न्हाय का आता?" सुरी चालवीत ती म्हणाली, "न्हाय. लोकं चांगली हायती, पर त्या दिवशी त्येंच्या तोंडावर लई आनंद व्हता. त्यो बघवला न्हाय." सांगण्याचे वाक्य मी एसटीत पाठ केले होते. मी म्हणालो, "तुकडे बारीक कर." मासळी घेऊन परत आलो.

हे पत्र टाकावे अशी पेटी कोठे नाही. जिला हे सांगायचे तिच्या भिगवणला मात्र एसटी जाते, हेही मला ठाऊक आहे. आणखी एक लिहितो, मग पुरे. लोक "घालवा" म्हणत होते तेव्हा माझ्या मनात असे आले की, आबा असते तर त्यांनी पाहिले असते, एवढे लोक त्यांना कधी साधले नाहीत.

त्या वेळी समक्ष हजर: माझी नात. ती मासेवाली. तसेच कळसचे ग्रामस्थ. परंतु त्यांतील ज्यास ज्यास मी विचारले, तो सांगतो, "म्या मागं उभा व्हतो, मला काय ऐकू आलं न्हाय."