मॅटिंग उचलल्याशिवाय गाडी घेऊ नये

मी, राजाबाई अनंता शेजवळ, वय वर्षे सहासष्ट, धंदा गाड्यांचे कापडी टप, सीटकव्हर आणि तळावर अंथरायचे मॅटिंग शिवणे, राहणार अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. कोणी दमदाटीही केलेली नाही. तशी हिंमत आमच्या घरात कोणाची नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरलेली नाही, मी संतापलेली आहे. वकीलबाईंनी सांगितले की राग कलमात घालता येत नाही, म्हणून तो जिथे मावेल तिथे घातला आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे करावे लागते आहे ते एका गाडीपायी.

कलम १. लाल रंगाची, विलायती बनावटीची, दोनच माणसे बसतील अशी, वर पत्र्याचे छप्पर नसून कापडी टप असलेली जुनी गाडी माझ्या नावावर आहे. ती आज बदलापुरात, सोनिवलीच्या रस्त्याला, माझे धाकटे दीर प्रमोद शेजवळ यांच्या जुन्या गाड्यांच्या धंद्यावर उभी आहे. माझा एकुलता एक मुलगा जितेश तिथेच कामाला बसतो. सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमधल्या एका नवराबायकोला ती विकायचे काका-पुतण्यांनी ठरवले आहे. अडले आहे ते माझ्या सहीवर. मी सही दिली नाही आणि जिवंत असेपर्यंत देणार नाही. पण ऑपरेशनच्या टेबलावरून मी उठले नाही, तर गाडी वारसाने जितेशकडे जाईल आणि महिन्याच्या आत ती त्या दोघांच्या गळ्यात पडेल. त्या गाडीचा तळ सडलेला आहे. त्यात माणूस मरू शकतो. ते होऊ नये एवढ्यासाठी हा सगळा कागद आहे, बाकीची कलमे ओघाने येतील.

कलम २. अंबरनाथचे दोन खोल्यांचे घर माझे स्वकष्टार्जित आहे. माझे मिस्टर कारखान्यात ऑपरेटर होते, सज्जन होते, पण ते गेले तेव्हा घरावर पत्रेच होते. स्लॅब मी टाकला. हे घर मी माझी सून अक्षदा हिला देत आहे, जितेशला नाही. त्याला वाईट वाटेल. वाटू दे. त्याला घरात ठेवायचे की नाही ते अक्षदाने ठरवावे. ती ठेवील, कारण ती चांगली आहे, आणि तो तिच्या चांगुलपणावरच निभावतो आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ३. जाड कापडाची शिलाई मशीन, दोन कात्र्या, दाभण, आऱ्या, खडू आणि कॅनव्हासचा उरलेला तागा भावना रोकडे हिला द्यावा. पंधरा वर्षे ती माझ्या शेजारी बसून शिवते आहे. तिला एकच सांगणे आहे, जे मला उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये शिकायला मिळाले. लग्नानंतर मी तिथे जीन्सचे खिसे शिवायला जायचे. आमचा सेठ तयार माल कधी सरळ बघायचा नाही. पँट हातात घेतली की उलटी करायचा आणि म्हणायचा, "बाई, अंदर से दिखाओ. बाहर से तो सबका अच्छा होता है." चार वेळा त्याने माझी शिलाई उसवायला लावली. तेव्हा मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. आता त्याचे आभार मानते, पण तो ऐकायला नाही.

कलम ४. बँकेत जे काही असेल ते नात जिज्ञासा हिच्या शिक्षणाला लावावे. माझे अंत्यविधी साधे, आपल्या धम्माप्रमाणे करावेत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात प्रमोदने भाषण करू नये. त्याला माईक दिसला की राहवत नाही. "वहिनी म्हणजे आमची आई होती" असे तो म्हणेल आणि रडेलसुद्धा, आणि लोकांना ते खरे वाटेल. त्याने मागच्या रांगेत बसावे, खीर घ्यावी आणि घरी जावे.

कलम ५. आता मुद्द्याचे. नऊ वर्षांपूर्वी प्रमोद ही लाल गाडी माझ्याकडे घेऊन आला. नवा टप आणि नवे मॅटिंग शिवायचे होते. मॅटिंग शिवायचे तर आधी सीट काढाव्या लागतात, म्हणून गाडीचा तळ जसा मला दिसतो तसा मालकालाही दिसत नाही. मी ड्रायव्हरची सीट काढली आणि मला खालची जमीन दिसली. माझ्या चपलेचे टोक दिसले. सीटच्या रुळाखाली वाळलेला गाळ होता, म्हणजे गाडी दोन हजार पाचच्या पुरात बुडून निघालेली. दारांखालच्या लांब पट्ट्यांत पत्राच नव्हता, गोणपाट कोंबून वर पुट्टी भरली होती. मी प्रमोदला म्हणाले, "भावजी, हे काय आहे?" तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही टप शिवा. खालचं मी बघतो."

त्याने खालचे काही बघितले नाही. मी टप शिवला, मॅटिंग शिवले, चारी बाजूंनी चिकटवून दिले. काम फार सुबक झाले.

आठवड्याने जितेश तीच गाडी घेऊन दारात उभा. हार घातलेला, पेढे हातात. काकाने त्याला सांगितले होते, आईला आधी बोलू नकोस, खूश होईल. गाडी त्याने माझ्या नावावर घेतली होती. वरातींना भाड्याने द्यायची, धंदा चांगला आहे, असे म्हणत होता. त्याच दिवशी मी प्रमोदच्या घरी गेले आणि त्याला नको नको ते बोलले. तो म्हणाला, करून देतो, वेल्डिंग मारून देतो, पोराचा मूड कशाला घालवता. मी जितेशला एवढेच म्हणाले की, गाडी कोंडाजी भोईर यांना दाखव. कोंडाजी बदलापूर गावातले डेंटर, पत्र्यातला खरा माणूस. जितेश म्हणाला, "काका काय मला फसवणारे का?" आणि मी पुढे बोलले नाही.

तिसऱ्याच वरातीत, बदलापूर गावात, स्पीडब्रेकरवर ड्रायव्हरची सीट तळासकट खाली गेली. गाडी चालीनेच चालली होती, म्हणून जीव वाचला. जितेशच चालवत होता, त्याचा पाय भोकातून रस्त्यावर गेला आणि गाडीखाली अडकला. बँडवाल्यांनी गाडी उचलली. नवरदेवाला खरचटलेदेखील नाही. माझ्या मुलाच्या डाव्या घोट्याचा चुरा झाला, तो आजही लंगडत चालतो. प्रमोदने दवाखान्यात येऊन सांगितले, "पत्रा कधी जाईल, ते सांगता येतं का?" पुढे त्यानेच जितेशला धंद्यावर बसवले, आणि माझा मुलगा त्याचे उपकार मानत बसला.

इतके झाल्यावर तीच गाडी जितेशने पुन्हा उभी केली आहे. सडक्या पत्र्यावर पातळ पत्रा ठोकला, वर पुट्टी, वर लाल रंग. आणि महिन्यापूर्वी मला येऊन म्हणतो, "आई, मॅटिंग तूच शिव. तुझ्यासारखं फिनिशिंग कोणाचं नाही." ज्या भोकातून त्याचा पाय गेला ते भोक दुसऱ्याला विकताना याला काहीच कसे वाटत नाही? मी याला कुठे कमी पडले ते मला कळत नाही.

कलम ६. सदर लाल गाडी मी जितेशलाच देत आहे, पण पुढील अटींवर. गाडीत मॅटिंग घालायचे नाही. घेणारा येईल तेव्हा दोन्ही सीट बाहेर काढून ठेवायच्या. आणि खालचा मजकूर त्याला वाचायला देऊन त्याची सही घ्यायची. यातली एक जरी अट मोडली, तर गाडी अक्षदाची होईल आणि तिने ती भंगारात तोडून टाकावी.

मजकूर असा. ज्याला उघडी जुनी गाडी घ्यायची आहे त्याने रंग सर्वांत शेवटी बघावा. बंद गाडीला वरचे छप्पर सांभाळून घेते. उघडीला वर काहीच नसते, तिचा सगळा भार तळाच्या पत्र्यावर आणि दारांखालच्या पट्ट्यांवर. म्हणून मॅटिंग स्वतःच्या हाताने उचलावे. "चिकटवलंय, फाटेल" असे विकणारा म्हणाला तर फाडावे. स्क्रूड्रायव्हर टोचून बघावा, सडक्या पत्र्यात टोक शिरते. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांखालून फिरवावा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. मग जॅक लावून एक बाजू उचलायला लावावी आणि दार उघडून बंद करावे. दार अडकले तर गाडी मधून वाकते आहे, चहा न घेता घरी यावे.

टप स्वतः उघडावा आणि स्वतः लावावा. शिवण आतून बघावी. मागची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर ती बदलता येते, सांगाड्याचे सांधे ढिले असतील तर विचार करावा. आत बसून वरून पाइपने पाणी मारायला लावावे. भिजायची लाज वाटत असेल तर उघडी गाडी घेऊच नये.

किलोमीटर कमी आहेत म्हणून हुरळून जाऊ नये. आपल्याकडे अशा गाड्या पळत नाहीत, वरातीत चालतात. तीन-तीन तास पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, बँडच्या मागे. काटा जागचा हलत नाही आणि क्लच जळून जातो. मागच्या डिक्कीवर नवरदेव बसतो, करवली बसते, कधी मामाही चढतो. तिथे हात फिरवला की दबलेला पत्रा लागतो. या गाडीला प्रमोद गिऱ्हाइकांसमोर "एकदम कम चली हुई" म्हणतो, ते याच अर्थाने खरे आहे.

सकाळी न कळवता जावे आणि बॉनेटवर हात ठेवावा. आधीच गरम असेल तर का तापवून ठेवली ते विचारावे. चासी नंबर कागदाशी स्वतः जुळवावा. मिस्त्री आपला न्यावा. विकणाऱ्याने आणलेला मिस्त्री विकणाऱ्याचाच असतो, मग तो कितीही गोड बोलो.

कलम ७. वरचे कलम लिहून होत होते तेव्हा जितेश आला. माझ्या मागे उभा राहून वाचू लागला. म्हणाला, "आई, तू सटकलीस काय? हे वाचून कोण गाडी घेणार?"

मी म्हणाले, "नको घेऊ दे."

"आणि काकाला एवढं बोलायची काय गरज आहे? त्याला तरी कुठे माहीत होतं खाली काय आहे ते?"

मी त्याला कलम पाच वाचायला दिले. तो उभ्याने वाचत होता, मग पाय दुखतो म्हणून खाली बसला. नंतर म्हणाला, "तुला दिसलं होतं?"

"हो."

"आणि तू वरून मॅटिंग शिवलंस."

"शिवलं."

"का?"

मी कागद पुन्हा माझ्याकडे ओढला. तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. उत्तर इथे लिहिते.

मला वाटले, गाडी कोणा परक्याची असेल. प्रमोदचे कोणतेतरी गिऱ्हाईक, कोणाचातरी मुलगा, मला काय त्याचे. कामाचे पैसे मिळाले, सणाला दीर घरी येतो, उगाच तोंड कशाला वाईट करा. आणि तुझे पेढे खाल्ल्यावरही, जितेश, मी तुला डेंटरचे नाव सांगितले, पण मला काय दिसले ते सांगितले नाही. कारण मग मी शिवले कशाला, हेही सांगावे लागले असते. तो पाय दुसऱ्या कोणाचा गेला असता तर मी आजही सुखाने टप शिवत असते. मला सर्वांत जास्त राग याचाच आहे. तुला मी विचारते, तुला काहीच कसे वाटत नाही, पण ते तू घरातूनच घेतलेस.

हा कागद मी टेबलावर उघडा ठेवत आहे. त्याने वाचावा.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही केले. दोघांनाही मी काही ठेवलेले नाही, म्हणून त्यांच्या सहीवर कोणी बोट ठेवू नये.

सही : राजाबाई अनंता शेजवळ

साक्षीदार १ : पुतळाबाई सोनावणे, शेजारी, अंबरनाथ पूर्व
साक्षीदार २ : कोंडाजी भोईर, डेंटर, बदलापूर गाव

ठिकाण : अंबरनाथ
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(खाली, दुसऱ्या पेनाने)

वाचले. सोनिवलीवाल्यांना फोन केला आहे, उद्या सकाळी सीट काढून दाखवतो. सोमवारी दवाखान्यात येईन. पण आई, आत्ता मला तुझ्याशी बोलायचे नाही.

जितेश