ठकूबाईचं कडवं

मुंबई, ता. २० एप्रिल १९५८

चि. सौ. तुळसा हीस हैबतीचे अनेक आशीर्वाद वि.

मी खुशाल. बातमी अशी की रेकॉर्ड काढणाऱ्या साहेबाला आईने रचलेलं गौरीचं गाणं पसंत पडलं. गळा तुझा, ढोलकी माझी. जमलं तर मला पुढेही वाजवायला बोलावणार आहेत, म्हणजे गिरणी सुटेल. एकच अट आहे. तबकडीत तीन मिनिटंच मावतात, तेव्हा आईचं नाव येतं ते शेवटचं कडवं गाळायचं. साहेब म्हणाले, ठकूबाई कोण हे मुंबईत कोणाला ठाऊक. वर नुसतं 'लोकगीत' छापू. मी हो म्हणून बसलोय. आईला सांग, रागावू नको म्हणावं.

सोळा मे रोजी गाणं भरायचं आहे. दोन दिवस आधी महाडहून एस.टी. धर. आणि घसा सांभाळ, तुझी कैऱ्या खायची खोड मला माहीत आहे. लोभ आहे तसाच राहू दे.

हैबती

नाते, ता. २९ एप्रिल १९५८

घरधन्यांस तुळसाचा सा. न. वि. वि.

हे पत्र शेजारच्या दिलावरभाईंच्या मासूमाकडून लिहून घेतेय. तिने तुमचं पत्र वाचलं तेव्हा सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. हातातलं सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "गाळा गो ते कडवं. पोराचं भलं होतंय." मी म्हटलं, नाय गाळायचं.

तुम्हाला राग आला तर येवो. गौरीच्या फेरात गाणं संपताना रचणारीचं नाव यायचंच, ही आपली रीत. बिननावाचं गाणं बेवारस, कोणीही उचलावं. सासूबाईंचं नाव सातबाऱ्यावर नाही, तुमच्या शाळेच्या दाखल्यावर नाही. आहे ते या दोन ओळींत:

नाते गाव माझं गो, गडाच्या वाटंला,
ठकूबाईनं गुंफिला हार गौरीच्या गळ्याला.

वेळच कमी असेल तर मधली दोन कडवी गाळा. पोटचा लेक आईचं नाव पुसतोय आणि सून भांडतेय, हे लिहिताना मासूमासुद्धा हसली. मला काही हसू आलं नाही. राग धरलात तरी माया सोडू नये.

तुळसा

मुंबई, ता. ६ मे १९५८

चि. सौ. तुळसा हीस आशीर्वाद वि.

तुझं म्हणणं साहेबाच्या कानावर घातलं. ते म्हणाले, मधली कडवीच गोड आहेत, आणि नाव राहिलं तर उद्या ती बाई हक्क सांगायला उभी राहील. आता हट्ट सोड. हातातोंडाशी आलेला घास आहे. जमत नसेल तर कळव, दुसरी गाणारी बघतो.

हैबती

नाते, ता. १० मे १९५८

घरधन्यांस सा. न. वि. वि.

दुसरी बघू नका. मी येतेय.

तुळसा

मुंबई, ता. १७ मे १९५८

ती. आईस हैबतीचा शि. सा. न. वि. वि.

रेकॉर्ड निघाली नाही, हे आधीच सांगतो. मासूमाला म्हणावं, पुढचं सावकाश वाच.

काल रेकॉर्डिंग सुरू झाल्याचा लाल दिवा लागला आणि तुळसाने शेवटचं कडवंच पहिल्यांदा म्हटलं. तुझ्या नावानेच गाणं सुरू. साहेबाने थांबवलं, समजावलं. दुसऱ्यांदा दिवा लागला, पुन्हा तेच. मग साहेब मला म्हणाले, बायकोला आवर, नाहीतर ढोलकी उचल आणि चालता हो. खोटं कशाला बोलू, मी तिला आवरायलाच उठलो. जवळ गेलो तरी ती जागची हलली नाही. तेवढ्यात तिसऱ्यांदा दिवा लागला. तिने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

तेव्हा मी गायलो. आई, आईचं नाव तोंडाने घेऊ नये म्हणून मी आजवर कधी घेतलं नव्हतं. काल साहेबाच्या तोंडावर घेतलं, मोठ्याने, ढोलकीवर थाप मारून. पाठोपाठ तुळसाचाही गळा मोकळा झाला.

साहेबाने दिवा बंद करायला लावला. आम्ही कडवं पुरं करूनच उठलो.

उद्यापासून पुन्हा गिरणी. माया आहे ती असू दे.

तुझा,
हैबती