कंपनीनं अडवलं नव्हतं, बाई

प्रिय बाई,

काल शकीलभाईच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात प्रवासविम्याचा अर्ज भरत बसलो होतो. या वेळी माझा स्वतःचा. रेखानं मस्कतला बोलावलंय. "मामा, माय तं गेली. आता माहेरचं कोणी तरी येऊन जा," म्हणाली. माझंही वय अडुसष्ट झालं. शुगर आहे, रक्तदाब आहे, छातीत एक स्टेंट बसलाय. अर्जाच्या तिसऱ्या पानावर तो रकाना आला : 'आधीपासूनचे आजार, आणि कधीपासून'. पेन तिथंच थांबलं. शकीलभाई म्हणाला, "सर, चहा थंडा होऊन राहिला." मी चहा तसाच ठेवला आणि जठारपेठेतून चालत घरी आलो.

तुला जाऊन सव्वा वर्ष झालं. एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. रेखाच्या बाळंतपणाला तू अकरा दिवस उशिरा पोचलीस. का पोचलीस, ते मी तुला खरं सांगितलं नाही. उलट तेच खोटं मी शेतकऱ्यांच्या सभांमधून शेकडो लोकांना सांगत फिरलो! म्हणून हे पत्र लिहितो आहे.

कालपासून दुपारी जरा डोळा लागला की तू दिसतेस. वलगावच्या वावरात उभी आहेस, पण कापसाच्या ओळी संपतात तिथं समुद्र लागलेला. तू कमरेला ओटी बांधून लाटांवरून काहीतरी वेचते आहेस, सावकाश, जणू दिवस मावळणारच नाही. मी धुऱ्याच्या बांधावरून हाका मारतो. तू वळतेस, हसतेस आणि पुन्हा वेचू लागतेस. तुझ्या ओटीत काय असतं गं?

तुला आठवतं, पुण्याच्या एका सभेत मी म्हणालो होतो, "मला माझ्या बाईनं वाढवलं"? लोकांना वाटलं, घरी कामाला बाई होती! थोरल्या बहिणीला बाई म्हणतात हे त्यांना काय ठाऊक! तुला सांगितलं तर तू पोट धरून हसलीस. "मंग का खोटं हाय? कामवालीच तं होती तुही."

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तू बारा. तू ज्वारी दळायचीस आणि मला पेपर मोठ्यानं वाचायला लावायचीस. जात्याच्या घरघरीवर आवाज चढवावा लागे. लोक विचारतात, सर, वक्तृत्व कुठं शिकलात? कुठं शिकणार! तुझ्या जात्यासमोर.

विम्यावर माझा राग होता आणि अजूनही आहे. तुझ्या वावरात महिनाभर टिपूस पडला नाही. पण महसूल मंडळाचा पर्जन्यमापक दहा कोसांवर, आणि तिथं नेमका पाऊस झाला. कागदावर तुझं वावर चिंब भिजलं! पीकविमा मिळाला नाही. त्या वर्षांत मी गावोगाव हेच बोलत होतो. बोललो ते खरंच होतं. म्हणून तुझा प्रवासविम्याचा अर्ज समोर आला तेव्हा मी शकीलभाईला स्पष्ट सांगितलं, "आजारबिजार काही लिहायचं नाही. चोराला घरच्या किल्ल्या कुठं ठेवतो ते सांगायचं का?"

तूही म्हणालीस, "लिहून टाक, काही नाही."

"आपा, शुगर आहे ना तुमाले?" शकीलभाईनं विचारलं.

"ते का आजार हाय? ते तं सगळ्यायलेच हाय. आजार म्हंजे माणूस खाटेवर पडते तो. म्या पडली का कधी?"

शकीलभाईनं पेन खाली ठेवलं. "सर, स्टेजवर तुमी सही बोलता. पण तिकडं दवाखान्यात स्टेज नाही भेटत. आजार लपवला अन् मागून निघाला, तं कंपनी पुरा कागदच बाद करते. म्या कितीक बुजुर्ग लोक मक्केले उमऱ्यासाठी धाडले, मले माहीत हाय." मग तुझ्याकडे वळून म्हणाला, "आपा, तुमी बोला. सर फक्त लिहतीन. त्यायले बोलाची सवय हाय, आयकाची नाही."

आणि टोपी घेऊन तो नमाजाला निघून गेला. मला तेव्हा वाटलं, वेळ झाली म्हणून गेला. आता कळतं, तुला बोलता यावं म्हणून गेला.

ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, बाई. रिकामं दुकान, भिंतीवर विमानाचं चित्र, पंख्याची मंद घरघर. त्या रकान्यात चार ओळींची जागा होती. मी विचारलं, कधीपासून? तू साल सांगायची नाहीसच. "ज्या साली बोंडअळीनं समदं खाल्लं, त्या साली पयल्यांदा चक्कर आली." रक्तदाब भाऊजी गेले त्या उन्हाळ्यापासून. फवारणीचा वास छातीत गेला तो रेखा दहावीत असताना, तेव्हापासून चढ चढताना थांबावं लागतं. कापसाचं गाठोडं डोक्यावर असलं की डावा हात बधिर होतो. रेखाच्या आधी दोन लेकरं राहिली नाहीत. आणि पिशवी काढली.

"पिशवी? कधी?"

"तू यवतमाळकडं सभा घेत होता तवा."

"तू तर परतवाड्याला लग्नाला गेल्याचं सांगितलं होतंस!"

"मंग का सांगू? भावाले असं सांगतेत का? तुही सभा सोडून आला असता उगाच."

त्या सभेचा विषय सांगू का? शेतकरी बाईचं आरोग्य! दीड तास बोललो होतो. जगभरच्या बायांची दुखणी मी पुस्तकांतून वाचली होती, वाचून लोकांना रडवत होतो. आणि माझ्या घरातल्या बाईला तिच्या दुखण्याची तारीख पहिल्यांदा कोणी विचारली? विमा कंपनीच्या छापील कागदानं! मान खाली घालून लिहीत राहिलो. चार ओळी भरल्या, समास भरला, मग मागची बाजू. तू हळूहळू, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तशी सांगत होतीस. मधेच थांबून म्हणालीस, "इतकं हाय का रे? माहं मलेच माहीत नव्हतं."

शकीलभाई परत आला, कागद पाहिला. "सर, ये तो पूरी किताब हो गई." आणि जोडायला एक कोरा कागद काढून दिला.

मग अमरावतीला तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी ती यादी वाचली, गोळ्या बदलल्या. हृदय थकलंय म्हणाले, पण औषधं वेळेवर घेतली तर जाता येईल. आणि विम्याचा कागद आला. त्यात लिहिलं होतं : हृदयाचे आजार आणि त्यांपासून उद्भवणारी गुंतागुंत वगळून.

मी वाचून दाखवलं तेव्हा तू काय हसलीस! "म्हंजे काळीज इथंच ठेवून जाचं का? बरं हाय. काळीज वलगावात ठेवते, बाकीची बाई इमानात बसन."

तू हसलीस, पण मला हसू आलं नाही. परक्या देशात, अनोळखी खाटेवर तुझं तेच वगळलेलं हृदय थांबलं तर? मी म्हणालो, जाऊ नकोस. तू तडकलीस. "पेरणी का आपण इमा पाहून करतो? पोरगी तिकडं एकटी हाय. तिचा नवरा ड्युटीवर राह्यते. अन् तू मले भेव दाखवून राहिला?"

मी कागद घडी करून ठेवला. आणि मग ते केलं.

दोन दिवसांनी शकीलभाईचा फोन आला. "सर, समदे कागद तयार आहेत. आपा बुधवारी जाऊ शकते." मी म्हणालो, तिकीट थांबवा. तिला सांगा, कंपनीनं कागद अडवलेत. तो म्हणाला, "सर, ये झूठ मेरे मुँह से मत बुलवाओ. सांगाचं असन तं तुमी सांगा."

मीच सांगितलं. वलगावला फोन करून, माझ्या त्या कमावलेल्या आवाजात. "बाई, कंपनीनं अडवलं. आणखी तपासण्या मागतात." तू विश्वास ठेवलास. का नाही ठेवणार? विम्याचं सगळं मलाच तर कळायचं! रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. "आले का रे कागद?" मी म्हणायचो, नाही. जवळजवळ तीन आठवडे! डिंकाचे लाडू डब्यात भरून, डबा जुन्या लुगड्याच्या फडक्यात शिवून तू बसून होतीस. मला वाटायचं, बाळंतपण होऊन जाईल, मग हिची जायची घाई सरेल. तू इथं राहशील. माझ्या जवळ. माझी.

एका सकाळी रेखाच्या नवऱ्याचा फोन आला : मुलगी झाली. फार जड गेलं तिला. पुढं रेखानंच मला सांगितलं, कळा सुरू असताना ती दाराकडं पाहत होती. तिथं परक्या भाषेतल्या नर्सा होत्या. ती स्वतः नर्स, कितीतरी बायांचे हात तिनं धरले होते. तिचा हात धरायला तिची माय नव्हती, बाई. ती मी दोन हजार किलोमीटरवर थांबवून ठेवली होती.

बातमी ऐकून तू रडली नाहीस. "काही नाही," म्हणालीस. "दोघी सुखरूप हाय ना?" दुसऱ्या दिवशी मी शकीलभाईला फोन केला आणि कागद 'सुटले'. नवं तिकीट मात्र दहा दिवसांनंतरचं मिळालं.

तू गेलीस आणि तुला काहीच झालं नाही. ते वगळलेलं हृदय चांगलं तीन महिने तिकडं धडधडलं. विमानातून उतरल्यावर तुझा पहिला फोन आला होता, आवाज लहान पोरीसारखा. "बापू, म्या ढगाची पाठ पायली! जलमभर खालून त्याचं काळं पोटच पायलं आपण. वरून तं पांढरं फक, पिंजून टाकल्या कापसावानी. पाय टेकवा अन् चालत सुटावं असं वाटे." मला त्या क्षणी कबूल करायचं होतं. पण तू इतक्या उंचावरून बोलत होतीस, की मी खालच्या गोष्टी काढल्या नाहीत.

परत आल्यावर एकदा तूर पाखडताना तू म्हणालीस, "कंपनीचा तरी का दोष, बापू. तिले बी भेव वाटलं असन." मला तेव्हा तुझा भाबडेपणा वाटला. मी तुझ्यावर उखडलो, कंपन्या भीत नसतात, हिशेब करतात, असं अर्धा तास सुनावलं. तू पाखडत राहिलीस. आता विचारतो, तुला ठाऊक होतं का गं? शकीलभाई सांगणाऱ्यातला नाही. मग तू माझ्या आवाजावरूनच ओळखलंस का? ओळखलंस तर बोलली का नाहीस? एवढं पोटात का ठेवलंस? रागवायचं होतंस, जात्याचा खुंटा फेकून मारायचा होतास!

याहून वाईट पुढं आहे. त्याच वर्षी चांदूर रेल्वे गावच्या सभेत बोलता बोलता माझ्या तोंडून निघालं, "या कंपन्यांनी माझ्या बहिणीला लेकीच्या बाळंतपणाला पोचू दिलं नाही!" पुढं बसलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावला. मग मी ते सगळीकडं सांगू लागलो. वलगावात सांगितलं तेव्हा तू मागच्या रांगेत होतीस. टाळ्या वाजल्या. तुझे हात मांडीवर होते. ते मी पाहिलं, आणि बोलत राहिलो.

शेवटच्या आठवड्यात तुझ्या खाटेशी बसलो होतो. तू माझ्याकडं पाहून विचारलंस, "का झालं रे बापू? काही सांगाचं हाय का?"

मी म्हणालो, "काही नाही, बाई."

पीकविम्याबद्दल मी बोलतच राहणार. तिथं माझं म्हणणं खरं आहे आणि ते सांगायला मला खोट्याची गरज नव्हती, हेच तर दुखतं. पुढल्या महिन्यात चांदूर रेल्वेला पुन्हा सभा आहे. तिथं उभा राहून सांगेन, की ती गोष्ट खोटी होती, बहिणीला कंपनीनं नाही, मी अडवलं. विरोधक हसतील. हसू देत. ज्या बाया रडल्या होत्या त्यांना विचारू देत, मग तुमचं बाकीचं तरी खरं कशावरून? उत्तर देईन, जमेल तसं.

पण त्याआधी रेखा. आज पुन्हा दुकानात जाऊन माझा अर्ज पुरा करतो, होतं नव्हतं ते सगळं लिहून. मस्कतला उतरलो की बॅग उघडायच्या आधी तिला समोर बसवीन आणि सांगेन, त्या दिवशी तुझी माय का नव्हती. वचन देतो, बाई. भीतीपोटी केलं असं म्हणून सुटका मागणार नाही. ती रागावली, उठून आत गेली, दिवसभर बोलली नाही, तरी तिथंच बसून राहीन. तिला जे काही म्हणायचं असेल ते ऐकून घेईन.

भाषण करणार नाही.

तुझाच धाकटा,
बापू