एकाच आढ्याखालचा विमा

६ डिसेंबर १९६४, रविवार. वरवट बकाल

आपलं घर नेमकं कुठे संपतं? प्रश्न साधा, पण दिवसभर डोक्यातून जात नाही.

खामगावचे विमा एजंट आले होते. बोलावलं मीच. दिवाळीनंतर खालच्या गल्लीत आग लागली, खोलीभर कापूस गेला, माणसं तेवढी वाचली. तेव्हापासून घरात माझं एकच टुमणं : आगीचा विमा काढू. एजंट चारी बाजूंना काय आहे ते लिहून घेत होते. पूर्वेला रस्ता, उत्तरेला गोठा, पश्चिमेला विहीर. दक्षिणेला? "काकांचं घर," मी म्हटलं. त्यांनी मान वर केली. बाबा-काकांच्या वाटणीच्या वेळी घातलेली भिंत पुरुषभर उंच. तिच्यावर छपराच्या टिनापर्यंत सगळं मोकळं. आढं एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मग ताई, तुमचं घर संपतं कुठे?"

बी. ए. ला अर्थशास्त्र होतं. काही कामाला आलं नाही.

७ डिसें.

एजंटांनी सांगितलेलं विसरायच्या आत.
(१) फक्त आमच्या अर्ध्या घराचा विमा. पण पलीकडे काकांचा कापूस भरलेला, भाव चढेपर्यंत तिथेच राहणार. म्हणून भिंत टिनाला भिडवायची. मग कंपनी आमचं घर वेगळं धरेल. हप्ता कमी.
(२) सगळ्या घराचा एकच विमा, कापूस दाखवून. हप्ता जास्त. सह्या दोघा भावांच्या.

बाबांना (१) फार आवडला. "भित वर न्या. त्याच्या बिडीचा धूर बी बंद होईन."

लगेच पलीकडून काका, अंगणातल्या बैलाला : "ऐकलं काय बे सर्ज्या, आता हवा बी मोजून भेटीन आपल्याले."

बाबा, आईला, मोठ्याने : "कोनी कोनाची हवा नाही घेऊन राह्यलं म्हना."

वाटणी झाल्यापासून हे असंच. एक भाऊ बैलाशी बोलतो, दुसरा आईशी.

१० डिसें.

गवंडी माप घेऊन गेला. सोमवारपासून काम. बाबा खुशीत.

संध्याकाळी आईने चटणीची वाटी भिंतीवर ठेवली. पलीकडून काकूचा हात आला, वाटी गेली. थोड्या वेळाने तीच वाटी ताक भरून परत. हे रोजचंच, पण आज मी हातातलं काम सोडून पाहत राहिले.

"भिंत वर गेली की कसं करशील?" आईला विचारलं.

"कसं काय? रस्त्यानं जाईन वाटी. सारी गल्ली पाहीन." आणि चूल फुंकत बसली.

विमा मी घरात आणला. भिंत त्याच्या मागोमाग आली.

१२ डिसें.

वर्गात शिकवताना लक्ष नव्हतं. घरी आल्यावर बाबांना धीर करून म्हटलं, दुसरा पर्याय घेऊ.

"काऊन?"

"आग त्यांच्याकडे लागली तर आपल्याला भरपाई मिळेल. काका-काकू राहतील कुठे?"

"कुठं जातीन? इकडंच येतीन."

"मग भिंत कशाला?"

बाबांनी सुपारी कातरायला घेतली. बरीच कातरली. "तू शिकली त आता मले शिकवून राह्यली काय?" मग, खाली बघूनच : "लहान्यानं सही केली त म्या बी करीन. पन मांगाले जानार नाही. अन् गवंड्याले 'येऊ नको' मी म्हननार नाही."

एवढं तरी निघालं तोंडून. बरं वाटलं.

१३ डिसें., रविवार

काकांकडे गेले. मुद्दाम रस्त्याने. भाषण तयार होतं : सहकार, नियोजन, उद्याचा विचार. काका कापसाच्या ढिगाला टेकून बसलेले.

"ये मास्तरीणबाई. एवढ्या लांबून आली? सारं ऐकलं म्या. भितीवरून सारंच ऐकू येते."

"मग?"

"मंग काय? सही कुठं करू ते सांग. दादाचं नाव वर हाय ना? वरच पायजे. मोठा हाय तो."

मी किती तयारी करून गेले होते. कापूस लिहावा लागेल, आणि या खोलीत बिडी चालणार नाही, हेही सांगून टाकलं.

"हे दादानं सांगतलं?"

"नाही. कंपनी म्हणते."

"कंपनी दादासारखीच दिसते."

आतून काकू : "मी बी रोज तेच सांगतो यायले. मले कोनी कंपनी म्हनत नाही."

खूप हसलो. भाषण तसंच परत आणलं.

बाबांनी काकांची सही उजेडात धरून पाहिली. "अक्षर नाही सुधरलं त्याचं." मग वरच्या रिकाम्या जागेत आपली केली. मी श्वास सोडला, तो त्यांना ऐकू गेला असावा.

१४ डिसें.

रजा. खामगावला जाऊन कागद दिले. हप्ता माझ्या पगारातून. एजंट म्हणाले, कंपनीचे साहेब घर पाहायला येतील. कापूस लिहिलाय, तेव्हा होकार मिळेलच असं नाही. तो न लिहिता कागद दिले असते तर सोपं होतं, असंही म्हणाले. पण मग आग लागल्यावर काय, असं मीच त्यांना विचारलं. ते नुसते हसले. बघू.

येताना एस. टी. त गाढ झोप लागली. बऱ्याच दिवसांनी.

बाबा अजून वावरातून यायचे आहेत. आल्या आल्या विचारतील, गवंडी काऊन नाही आला. सकाळी बस धरायच्या आधी मीच त्याच्या घरी गेले होते. भिंत आहे तेवढीच राहणार, असं सांगून आले.