घंटा आणि बारा कबुतरं

रविवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ८
आजपासून वैज्ञानिक पद्धत. घंटा वाजवायची, लगेच गहू टाकायचा. थोड्या दिवसांनी नुसत्या घंटेवर कबुतरं आभाळातून खाली. अख्ख्या अम्मानमध्ये हे कोणी केलं नसेल. घंटा शाळेचीच, निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेली. समोरच्या गच्चीवरचा अबू शाकीर (बसचा माजी ड्रायव्हर, शिक्षण चौथी) अजून काठीला फडकं बांधून शिट्ट्या मारतो. कीव येते.
बायको फिर्याल मला म्हणाली, अबू माहिर, सकाळी सातला घंटा? खालच्यांना वाटलं आग लागली.

बुधवार, ९ ऑक्टोबर
प्रगती थक्क करणारी. सातला घंटा, सात वाजून दोन मिनिटांनी बाराच्या बारा खाली. सगळ्यात आधी लूलू. पांढरीशुभ्र, मानेवर करडा ठिपका. अंड्यातून निघाली तेव्हापासून माझ्या हातची. मुलं आखातात गेली, फोन उचलत नाहीत. ही घंटेला येते. (फिर्यालला हे सांगायचं नाही.)
तेवढ्यात सिलिंडर विकणारा गॅसचा ट्रक गाणं वाजवत गल्लीतून गेला. रोज नेमका याच वेळी. प्रयोगात व्यत्यय. दुर्लक्ष केलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर
कॉफीच्या दुकानात अबू शाकीर भेटला. सर्वांदेखत जाहीर केलं: एकमेकांची पाखरं परत करायचा आपल्यातला तह मोडला. यापुढे लढाई. ज्याच्या गच्चीवर पाखरू उतरेल, त्याचं. परत मागायचं नाही.
तो म्हणाला, उस्ताज (म्हणजे मास्तर, मी), कशाला उगाच? तह आहे तो बरा आहे. तुमची पांढरी हातची गेली तर जेवण जाणार नाही तुम्हाला.
मी मोठ्याने हसलो. दुकानातलेही हसले. कशाला हसले ते विचारलं नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
दोन तरुण कबुतरं हल्ली खाली यायला आळस करतात. त्यांच्यासाठी दुसरी पद्धत: निरीक्षण. लूलूजवळ ठेवली. दोन दिवसांत ती करेल तेच करू लागली. बाकीचीही. ती जिथे बसेल तिथे सगळी. उत्तम विद्यार्थी. असे वर्गात एकतीस वर्षांत मिळाले नाहीत.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर. सकाळी ६.४०
आज पहिली लढाई. पाखरं उपाशी, आकाश स्वच्छ. संकल्प: घंटा एकदाच वाजवायची. जास्त वाजवणं पद्धतीला शोभत नाही.
७.०० वाजवली. कोणी आलं नाही. वारा उलटा असावा.
७.०५ पुन्हा.
७.१० सलग. शेजारी गच्च्यांवर आले. एकजण चहा घेऊनच आला.
७.२० अबू शाकीरने त्याचा थवा सोडला. माझी त्यात मिसळली. त्याने शिट्टी मारली. लूलू त्याच्या गच्चीवर उतरली. तिच्यामागे अकराही. निरीक्षणातून शिक्षण पूर्ण यशस्वी.

त्याच दिवशी, दुपारी
फिर्याल म्हणाली, शुक्रवारी गॅसवाला नसतो ना. मी विचारलं, सिलिंडर संपला का? म्हणाली, सिलिंडर नाही हो, अक्कल. तुमची कबुतरं घंटेला कधी उतरलीच नाहीत, ट्रकच्या गाण्याला उतरायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघतेय.
मग बोलली का नाहीस, म्हटलं. म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी? वर म्हणाली, कबुतरवाले खोटारडे म्हणून त्यांची साक्ष कोर्टात धरत नाहीत, ते उगाच नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर
मागायला जाणार नाही. नियम मीच केला. माणसाला तत्त्व असावं. त्याच्या दारावरून फक्त पाच वेळा गेलो.

सोमवार, २१ ऑक्टोबर
गेलो. त्याने चहा दिला. मी चहाची स्तुती केली. तोच म्हणाला, उस्ताज, लढाईतली पाखरं परत दिली तर मला कबुतरांच्या बाजारात कोणी विचारणार नाही. अकरा राहू द्या. पांढरी न्या. दाणा खात नव्हती, आजारी होती, म्हणून दिली असं सांगेन मी.
खोटं बोलत होता. चार दिवसांत चांगली गुबगुबीत झाली होती. पिशवीत घालून आणली. जिन्यात दोनदा उघडून पाहिली.

मंगळवार, २२ ऑक्टोबर. सकाळी ७.३०
लूलूला सोडलं. तीन घिरट्या मारून समोर गेली. अबू शाकीर फडकं हलवून तिला हुसकू लागला. जा गं बाई, जा तुझ्या घरी, ते बघ म्हातारा उभा आहे! शत्रू माझ्यासाठी घाम गाळत होता. मी घंटा वाजवत होतो. गॅसचा ट्रक आला, गाणं वाजलं. ती उतरली. तिथेच, त्या अकरांत.
अबू शाकीरने तिथूनच हात वर केले. उस्ताज, आता मी काय करू हो?
मी घंटा वाजवतच राहिलो.
फिर्याल वर आली. म्हणाली, तिचा नर त्या अकरांत, पिल्लंही त्यांतच. इथे काय आहे? तुम्ही आणि घंटा. मग घंटा माझ्या हातातून काढून घेतली. हळूच घेतली. मला रडू आलं. तिने पाहिलं.

बुधवार, २३ ऑक्टोबर
गहू उरला होता. चिमण्यांना टाकला. खाऊन त्याही अबू शाकीरच्या गच्चीवर गेल्या.