डावीकडचा चेंडू

लेस्टर, ३ मे २००४

ती. वन्सं यांस,
नीनाचा शि. सा. न. वि. वि.

मेतकूट पोचलं. तुमच्या भावाने चार दिवसांत निम्मं संपवलं.

मन धास्तावलंय म्हणून लिहिते. यांना डावीकडचं दिसेनासं झालंय. चहा कपाबाहेर ओततात, जिन्याची पायरी चुकतात आणि विचारलं की माझ्यावरच डाफरतात. गाडी आता मीच चालवते. त्रेसष्ट साली क्लबचे पगारी खेळाडू म्हणून इथे आले, मग तीस वर्षं कॉलेजचे क्रिकेट कोच. पण नेटमधला सराव काही सुटत नाही. आजही फलंदाजापासून दहा पावलांवर उभे राहून चेंडू टाकतात, हेल्मेटशिवाय. गुरुवारी एक फटका डाव्या कानाजवळून गेला. सर जागचे हलले नाहीत म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडीतून पाहत होते.

डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. कॉलेज घरी बसवेल ही भीती. तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती, ती मी मोडली.

लोभ आहेच, आता थोडा धीरही पाठवा.
आपली,
नीना

पुणे, १४ मे २००४

चि. ज्ञानेश्वरास,
अ. उ. आ.

हे पत्र एकट्याने वाच. नीनाला दाखवू नकोस, ती आधीच घाबरली आहे. तिनेच मला कळवलं. तिच्यावर चिडलास तर माझ्याशी गाठ आहे.

अण्णांचा काचबिंदू आठवतो ना? दोन वर्षं त्यांनी लपवला. वर्गात धडे पाठ म्हणून शिकवत राहिले. सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. तू तिकडे खेळत होतास; त्यांना हाताला धरून मी नेत होते. बापाचं दुखणं मुलाकडे येतं म्हणतात; तुझं तसं व्हायला नको. डोळे तपासून घे.

माझा लोभ तुला ठाऊक आहे, माझा रागही.
तुझी,
ताई

लेस्टर, २७ मे २००४

ती. वन्सं यांस,
शि. सा. न.

पत्र पोचलं. पाकीट त्यांनीच फोडलं. कागद खिडकीशी नेला, चष्मा पुसला, कागद लांब धरून पाहिला. मग माझ्या हातात दिला आणि वाचून दाखवायला सांगितलं. एकट्याने वाच, ही तुमची पहिलीच ओळ वाचून मी थांबले. आता चिडतील असं वाटलं. पण त्यांनी पुढचं वाचायला सांगितलं. अण्णांचं आलं तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

काल तपासणी झाली. काचबिंदूच आहे. डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्यासाठी थेंब दिलेत. तो टिकेल की नाही ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. कॉलेजला यांनी स्वतःच फोन केला. आज नेटची वेळ झाली तेव्हा बूट घालून दाराशी बसले, मग काढून ठेवले.

पुढचं पत्र जरा मोठ्या अक्षरात लिहा, वन्सं. ते मी त्यांच्याच हातात देईन. तेही न वाचता आल्याने परत माझ्याकडे येईल का, याची मला आत्तापासून भीती वाटते.

आमच्यावरची माया अशीच राहू द्या.
आपली,
नीना