डिस्क ठणठणीत आहे

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी.
सकाळी सात वाजता आयुधपूजा. स्कूटर, मिक्सर, विळी, शारदेचं शिलाई मशीन, शेवटी कॉम्प्युटर. पंधरा वर्षांत एकदाही चुकवलेली नाही. शारदा होती तोवर ती कॉम्प्युटरला नुसतं गंधाचं बोट लावायची आणि मला म्हणायची, पाणी नगा शिंपडू त्याच्यावर. यंदा मी यथासांग केली. ओल्या फडक्यानं पुसला. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ. नारळ फोडून त्याचं पाणी चारी बाजूंनी शिंपडलं. मागच्या जाळीतूनही थोडं, कारण खरं यंत्र आत असतं.
मग सुरू केला. अकरा मिनिटं उत्तम चालला. नंतर उदबत्ती विझलेली असताना कसला तरी जळका वास आला आणि बंद पडला.
व्होल्टेज.

२ ऑक्टोबर. दसरा.
कॉम्प्युटर सुरू होत नाही. सतरा वेळा बटण दाबलं. विनीता आत येऊन म्हणाली, अप्पा, सारखं सारखं कामून चालू करायलाव? मी म्हटलं, यंत्राला धीर द्यावा लागतो.
विनीता पहिल्या बाळंतपणाला आली आहे. तारीख नोव्हेंबरच्या मध्यात. सोनं देऊन पाया पडली आणि विचारलं, आईचा पाळणा ह्याच्यातच हाय ना?
आहे. शारदेनं स्वतः रचलेला पाळणा, सहा कडवी. तिचं माहेर कोहिनूर, मी जिथं हेडमास्तर होतो ते हळ्ळीखेड, हे बीदरचं घर, सगळं त्यात घातलेलं. शेवटचं कडवं विनीताच्या बाळासाठी, तेव्हा विनीता कॉलेजात होती तरी. आमच्या श्रीहर्षनं, विनीताच्या भावानं, अकरा वर्षांपूर्वी माईक लावून रेकॉर्ड केला होता. शारदेनं तो कधी कागदावर लिहिला नाही. ती जाऊन तीन वर्षं झाली.
मला पाठ आहे. म्हणजे पहिली ओळ. 'कोहिनूरच्या वाटंला, चिंचंची सावली.' पुढचं ओठावर आहे.
बारशाला आईच्या आवाजातच पाळणा लागला पाहिजे, विनीता म्हणाली. एका आठवड्यात देतो, असा शब्द दिला. तिचे डोळे भरले. मी दिलेला शब्द तिला माहीत आहे.

४ ऑक्टोबर.
जुनी डायरी चाळली. १ जानेवारी २०२३ चा संकल्प: 'शारदेचा पाळणा पेन ड्राइव्हवर कॉपी करणे.' पेन ड्राइव्ह आणलेला आहे. पाकिटातच आहे. म्हणजे अजून नवा कोरा, ही जमेची बाजू.
हैदराबादहून श्रीहर्षचा फोन. म्हणाला, अप्पा, तुम्ही काही उघडू नका, जाणकाराला दाखवा. मी त्याला आठवण करून दिली की तालुक्यातल्या शिक्षकांत पंधरा दिवसांचं कॉम्प्युटर ट्रेनिंग सर्वांत आधी मी घेतलं. तो म्हणाला, ते २००३ साली, अप्पा. मग काय झालं? वीज तीच आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार.
धनराज आला. हळ्ळीखेडचा माझा विद्यार्थी, आता बीदरला कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान. सातवीत भूमितीत कच्चा होता. त्यानं मागचं झाकण काढलं आणि आत बघत बसला. पंख्यात कुंकू, बोर्डवर अक्षता, कडेला नारळपाण्याचा चिकट डाग.
सर, हे काय हाय, म्हणाला.
पूजा, मी म्हटलं.
त्यानं एक अक्षता चिमटीत धरून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "बोर्ड गेलाय सर. पर डिस्क वाचली असंल. निस्तं हात लावू नगा. चालू करू नगा, कुठं जोडू नगा. शनवारी मी हैदराबादला जायलोय, तिथं हे काम करणारे हायत, त्यांच्याकडं देतो."
डिस्क बाहेर काढून टेबलावर ठेवली. शनिवारी येऊन नेणार. जाताना विनीताला वेगळं बाजूला घेऊन परत तेच सांगितलं. हे मला आवडलं नाही.
व्होल्टेजबद्दल त्याला काहीच माहिती नव्हती. वरून जाणाऱ्या हवाई दलाच्या विमानांच्या हादऱ्याचा मुद्दाही मी मांडला. हसला.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
सकाळी अंगणातल्या पेरूवर पोपट. फळ पिकायच्या आत टोचून ठेवतात. शिवारात लोक सीड्या टांगतात, चमक बघून पाखरं बिचकतात. शारदेच्या शिवणाच्या डब्यात तळाशी सहा सीड्या सापडल्या. एकीवर मार्करनं काही लिहिलेलं होतं, चष्मा खाली राहिला होता, वाचलं नाही. ट्रेनिंगच्याच असणार. दोरा ओवून सहाही फांद्यांना बांधल्या. विनीता म्हणाली, छान दिसायलेत. बघा, जुनं सामान नीट वापरलं की असं होतं. या घरात टाकाऊ काही नाही.
आठवडा आज पुरा होतो. विनीतानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.
दुपारी विचार केला. डिस्कला ओल लागली आहे. ओल ऊन लावल्यानं जाते, याला हैदराबाद कशाला? गच्चीवर पापडांशेजारी तीन तास ठेवली. पापडांची एक बाजू वाळल्यावर ते उलटले, तेव्हा डिस्कही उलटी केली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. हळ्ळीखेड.
पहाटेच्या बसनं माझ्या जुन्या शाळेत. विनीताला सांगितलं, पेन्शनचं काम आहे. भीमण्णा शिपाई अजून आहे, त्यानं कॉम्प्युटरची खोली उघडून दिली. म्हणाला, सर, तुमच्या टायमाला ह्या खोलीत कुनाला पाय ठेवू देत नव्हताव. खरं आहे. म्हणून तर ते कॉम्प्युटर इतके दिवस टिकले.
डिस्क जोडली. पहिल्याच प्रयत्नात दिसली. धनराजला जे शनिवारी हैदराबादला नेऊन करायचं होतं ते मी शुक्रवारी हळ्ळीखेडात केलं होतं.
स्क्रीनवर विचारणा आली. डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? दोन बटणं. मी तीन मिनिटं विचार केला. यंत्र आपणहून सांगतं आहे की आधी मला हे लागेल. त्याचं ऐकायचं नाही तर कोणाचं? होय केलं.
काही सेकंदांत झालं. डिस्क उघडली. आत काही नव्हतं.
घाबरलो नाही. आधी डिस्क चालते का ते तपासायला हवं. शाळेच्या कॉम्प्युटरवर पाच वर्षांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ होते, ते सगळे तिच्यावर कॉपी केले. जागा संपेपर्यंत. एकही एरर नाही. नाच, नाटकं, बक्षीस समारंभ, सगळं सुरळीत चालतं.
डिस्क ठणठणीत आहे. पाळणा तेवढा कुठंतरी मागं गेला असणार.

११ ऑक्टोबर.
धनराज डिस्क घेऊन गेला. मी हात लावल्याचं सांगायचं होतं, पण विनीता शेजारी उभी होती. एवढंच म्हटलं की डिस्क उत्तम चालते. त्यानं माझ्याकडं जरा बघितलं.

१८ ऑक्टोबर.
धनराजचा फोन. मी बोललो असतो, पण तो विनीताला द्या म्हणाला. ती ऐकत होती, नुसतं व्हय, व्हय म्हणत होती. मग फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. मी पाणी दिलं.
कोणीतरी डिस्क पुसून वरून दुसरं भरलंय, म्हणाली. शाळेचं गॅदरिंग हाय म्हणे.
मी म्हटलं, हल्ली व्हायरस कुठूनही येतात.
तिनं पेला जमिनीवर ठेवला. मी पेन्शनच्या कामाला कुठं गेलो होतो हे तिला माहीत आहे. मला माहीत आहे की तिला माहीत आहे. पण नवव्या महिन्यात तिला त्रास होईल असं काही बोलणं बरोबर नाही, म्हणून विषय मीच बदलला.

२२ ऑक्टोबर. पाडवा.
हैदराबादवाल्यांनी जे काही निघालं ते पेन ड्राइव्हवर दिलं. धनराज स्वतः घेऊन आला, त्याच्या लॅपटॉपवर लावलं. निघालेल्या वस्तू: २०१२ च्या सहामाही परीक्षेचं वेळापत्रक. शेजारच्या बोअरच्या आवाजाबद्दल मी नगरपालिकेला लिहिलेला अर्ज, मसुदा तिसरा. आणि माझं निवृत्तीचं भाषण, घरी सरावासाठी रेकॉर्ड केलेलं, बेचाळीस मिनिटं, संपूर्ण.
पाळण्याची फाइल नाही.
भाषण मी लावायला सांगितलं. निदान ते तरी वाचलं. आवाज तेव्हा चांगला होता. धनराज आणि विनीता ऐकत बसले, म्हणजे उठले नाहीत. बेचाळिसाव्या मिनिटाला मी आभार मानतो, आणि मागून शारदेचा आवाज येतो.
"झालं का तुमचं? भाकरी थंड व्हायलीय."
एवढंच. पुढं फाइल संपते.
विनीतानं ते परत लावलं. परत लावलं. सात-आठ वेळा. धनराज बाहेर जाऊन चपला घालत बसला. मला तेव्हा त्या वाक्याचा राग आला होता, हे आठवलं. भाषण पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड करायचं म्हणून तिच्यावर ओरडलो होतो. ती जेवायला वाढून निघून गेली. मग कंटाळा आला आणि तसंच ठेवलं.

१२ नोव्हेंबर.
मुलगी. दोघी सुखरूप. नाक शारदेचं आहे असं विनीता म्हणते. एवढ्यात काही कळत नाही. पण आहे.
संकल्प: बारशाआधी पाळणा आठवून लिहून काढणे. रोज एक कडवं.

२० नोव्हेंबर.
'कोहिनूरच्या वाटंला, चिंचंची सावली.'
शाई चांगली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. बारसं.
श्रीहर्ष आला. कोहिनूरहून शारदेची धाकटी बहीण सुशीलाबाई आली. तिला पाळण्यातली दोन कडवी येत होती, तिनं म्हटली. आवाज शारदेसारखा नाही, पण काही ठिकाणी वळण तेच. विनीता रडली. मी ताटं मोजायला गेलो.
जेवणं झाल्यावर सुशीलाबाई म्हणाली, "भावजी, कॉम्प्युटर गेला तर जाऊ द्या, ती सीडी लावा की. अक्कानं एकदा कोहिनूरला आणून टीव्हीवर लावली होती. सगळी कडवी होती. शिवणाच्या डब्यात ठेवायची बघा ती."
श्रीहर्षनं कपाळावर हात मारला. व्हय अप्पा, मीच करून दिली होती आईला. पार विसरलो होतो.
विनीता बाळाला त्याच्याकडं देऊन धावत जाऊन डबा घेऊन आली. बारा दिवसांची बाळंतीण, तिला धावू नको म्हणायलाही मला सुचलं नाही. सगळ्यांसमोर उघडला. दोऱ्याची रिळं, बटणं, कात्री, खडूचा तुकडा. तिनं सगळं चटईवर ओतलं आणि तळाला हात फिरवला.
सगळे माझ्याकडं बघायला लागले, म्हणजे मीच घरात राहतो म्हणून. मी म्हटलं, तिच्या शेवटच्या आजारात खूप सामान इकडचं तिकडं झालं.
खिडकीतून पेरूचं झाड दिसत होतं. मी खिडकीकडं पाठ करून बसलो.

२४ नोव्हेंबर. सकाळी सहा.
सगळे झोपलेत. झाडाखाली गेलो. चष्मा घेऊन गेलो. चौथ्या फांदीला आहे. मार्करचं अक्षर उन्हापावसानं फिकट झालंय, पण शारदेचं आहे. 'पाळणा. विनूच्या बाळाला.'
वरचा चंदेरी थर पोपडे सुटून निघालाय. पोपटांनीही चोची मारल्यात. डोळ्यांसमोर धरली तर पलीकडचं आभाळ दिसतं.
काढून खिशात घातली. मग विचार केला, सहाच्या पाच झाल्या तर विनीताच्या लक्षात येईल, विचारेल. परत बांधली. गाठ पक्की मारली.
मला शारदेची फार आठवण येते. हे या वहीत आधी कुठं लिहिलेलं नाही, मागं जाऊन बघितलं.
संकल्प: आज विनीताला सांगणे.

२५ नोव्हेंबर.
काल पाहुणे होते. उद्या.

१ जानेवारी २०२६.
संकल्प: विनीताला सांगणे. ती महिनाअखेर सासरी जाईल, त्याआधी.

३ जानेवारी, शनिवार.
सकाळपासून बाळ रडत होतं. कशानं राहीना. विनीता तिला घेऊन अंगणात गेली आणि थोड्या वेळानं सगळं शांत झालं. मी बाहेर आलो. दोघी पेरूखाली बसल्या होत्या. वारा होता, सीड्या फिरत होत्या, आणि बाळ वर बघत होतं.
"अप्पा, बघा, हे चमकतंय ना, त्याच्याकडं बघत गप्प व्हायलीय. चार दिवस झाले, रोज आणायलेय हिला इथं."
मी म्हटलं, पोपट काही त्यांना भीत नाहीत, काढून टाकतो.
नगा काढू, म्हणाली.
मी उभा राहिलो. आता सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, पहाटेच जुळवलेलं. विनीता म्हणाली, अप्पा, तुम्हाला आईच्या पाळण्याची पहिली ओळ येती ना, तेवढी तरी म्हणा हिला.
म्हटली.
पुढची, ती म्हणाली.
बाळ चौथ्या फांदीकडं बघत होतं. मी म्हटलं, मला एवढीच येते.